बाद ट्रेमधला सुळा

माझा दादा रॉकेट बनवतो असं सांगितलं की समोरचा माणूस आधी आदराने बघतो. मग मी सांगते की ते पुठ्ठ्याच्या नळीचं आहे, दादाच्या कमरेपर्यंत येतं, आणि आमच्या जेवणाच्या टेबलावर उभं असतं, त्यामुळे आम्ही गेले कित्येक महिने मांडीवर ताट घेऊन जेवतोय. तेवढ्याने आदर ओसरतो. बरंच आहे. पन्नाशीला आलेल्या, फ्रिज दुरुस्त करणाऱ्या माणसाला जास्त आदर मिळाला की तो डोक्यावर बसतो.

बरं, रॉकेट तरी सरळ असावं? गुळगुळीत, पांढरं, टोकदार रॉकेट दादाला बघवत नाही. "ती काय पेन्सिल आहे?" म्हणतो. त्याला हवं असतं विज्ञानकथेतलं यान, तेही पिढ्यान्‌पिढ्या वापरलेलं, जागोजागी ठिगळं लावलेलं, कुठल्यातरी लढाईतून शेपूट घालून परत आलेलं. त्यासाठी तो घरातल्या वस्तू उचलतो. शाम्पूच्या बाटलीचं झाकण म्हणजे तोफ. बॉलपेनची स्प्रिंग म्हणजे कसलीशी नळी. माझा अर्धा कंगवा म्हणजे इंजिन थंड ठेवायची जाळी, उरलेल्या अर्ध्याने मी केस विंचरते. मग या सगळ्या पसाऱ्यावर एकच करडा रंग मारायचा, वरून पातळ काळा रंग ओतून फडक्याने पुसायचा, म्हणजे खाचाखोचांत मळ साठल्यासारखा दिसतो. शेवटी जवळजवळ कोरड्या ब्रशने कडांवर चंदेरी रंग फिरवायचा. एवढं झालं की ते झाकण झाकण राहत नाही, हे मानावंच लागतं. मी चिडकी आहे, आंधळी नाही.

माझा धंदा कवळ्यांचा. दातांचे डॉक्टर मापं पाठवतात, मी कवळ्या करून देते. घराच्या पुढच्या खोलीत माझं काम चालतं. तिथे दोन ट्रे आहेत, एक तयार मालाचा आणि एक बाद मालाचा. तडा गेलेली, चावा न जुळलेली, रंग चुकलेली कवळी बाद ट्रेमध्ये जाते. बाद ट्रेमधलं काहीही दादाने न विचारता उचलावं आणि तयार ट्रेकडे ढुंकूनही बघू नये, असा आमचा जुना करार आहे. दाढांची एक रांग उलटी चिकटवून रंगवली की कशी यंत्रासारखी दिसते, ते त्यालाच विचारा. हा करार त्याने कधीच मोडला नाही. यावेळीही नाही मोडला, म्हणून तर मला त्याची मानगूट धरता आली नाही.

आता बाबा. आमचे बाबा रोज सकाळी वाचनालयात जायचे. पेपर वाचायला जातो म्हणायचे, आणि पेपर घरीही येत होता. वाचनालयाच्या बाईंसमोर तासभर बसता यावं म्हणून ते जातात हे दादाला आणि मला ठाऊक होतं. बाई एकट्या, आई गेल्यापासून बाबाही एकटे. मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. उलट अगदी मनापासून वाटायचं की हे जुळावं. बाबा खूश होतील, आणि मी भाजी करताना पाठीमागे उभं राहून "गॅस मोठा आहे" म्हणणारा माणूस दुसरीकडे उभा राहील.

पण यंदा बाबांचे उरलेले सगळे दात काढावे लागले, आणि त्या दिवसापासून त्यांनी वाचनालयात पाऊल टाकलं नाही. पुस्तकं माझ्या हाती परत पाठवायचे. बाई विचारायच्या, "बरे आहेत ना?" मी म्हणायचे, "सर्दी झालीय." ही सर्दी काही हटेना, तेव्हा बाईंनी विचारणंच सोडलं. नुसता शिक्का मारून पुस्तक बाजूला ठेवायच्या. बाबा घरी दारामागे उभे राहून विचारायचे, "काही म्हणाल्या?" मी नाही म्हटलं की त्यांचा आधीच आत गेलेला चेहरा आणखी आत जायचा. मला भयंकर वाईट वाटायचं, आणि वाईट वाटलं की मी भांडी आपटते.

हिरड्या भरून आल्यावर मी त्यांची कवळी करायला घेतली. जुने फोटो काढून दात जुळवले. बाबांचा वरचा डावा सुळा वाकडा होता, शेजारच्या दातावर जरासा चढलेला. हसले की आधी तो बाहेर यायचा, मग बाकीचे. मी तो तसाच बसवला. बाबांनी आरसा घेतला आणि भडकले.

"नवे दात करतेयस ना? मग जुनी खोड कशाला ठेवलीस? सरळ कर."

"सरळ केला तर तुम्ही दुसऱ्याच कुणाचे तरी बाबा दिसाल."

"मला तेच हवंय!"

यावरून आमचं तीन वेळा वाजलं. मी ऐकलं नाही, आणि त्यांनी कवळी डबीत घालून ठेवली, तोंडात काही घातली नाही. दाताच्या बाबतीत मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही, माझ्याही नाही.

तेवढ्यात दादाच्या रॉकेटवाल्या क्लबची स्पर्धा आली. नियम असा की यान आधी टेबलावर ठेवून दिसण्याचे गुण द्यायचे, मग ते उडवायचं, आणि पॅराशूटने धड खाली आलं तर उडण्याचे. दादाने परस्पर वाचनालयात जाऊन बाईंना आमंत्रण दिलं. पहिल्यांदाच त्या माणसाने डोकं वापरलं. बाबा दोन दिवस घरात येरझारा घालत होते. तिसऱ्या दिवशी भिंतीकडे बघत म्हणाले, "नवे दात लावून येईन मैदानावर. विचारूनच टाकतो." कान लालबुंद झाले होते त्यांचे.

स्पर्धेच्या सकाळी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, भांग पाडून बाहेर आले आणि माझ्यापुढे हात पसरला.

"दे."

"काय?"

"कवळी. केलास ना सुळा सरळ?"

"मी कशाला करू? तुमच्या खोलीत असेल डबीत."

"तुझ्याकडेच ठेवली होती की, मागच्या आठवड्यात. तोंडाने सांगून तुला कळत नाही, म्हटलं ट्रेमध्ये बघून तरी कळेल."

"कुठल्या ट्रेमध्ये?"

बाबा ताठ मानेने म्हणाले, "बाद."

दादा टेबलापाशी यानाच्या शेपटीवरची धूळ फुंकत होता. तो फुंकायचा थांबला. मग आम्ही तिघांनीही यानाकडे पाहिलं.

सांगायला लाज वाटते, पण काम अप्रतिम झालं होतं. खालची कवळी नळीभोवती, इंजिनाच्या तोंडाशी, घोड्याच्या नालासारखी चपखल बसली होती. वरची मधोमध कापून दोन्ही बाजूंना एकेक तुकडा लावला होता, तोल साधावा म्हणून. करडा रंग, खाचांत काळा मळ, कडांना चंदेरी. जन्मात कुणाला कळलं नसतं. मला कळलं, कारण डाव्या तुकड्यावर एक सुळा शेजारच्या दातावर चढून बसला होता.

"बादमध्ये होतं," दादा हळूच म्हणाला.

मी सुरी घेऊन धावले. दादा यानाला मिठी मारून बसला. "नळी फाटेल! दातांनी शेपूट जड झालंय म्हणून मी नाकात किती माती भरली! दोरीला बांधून गरगर फिरवून बघितलंय, आता कुठे नाक पुढे ठेवून फिरतंय!" मी ओरडत होते, तो ओरडत होता, आणि मध्ये बाबांचा आवाज आला, शब्द कमी आणि हवा जास्त.

"राहू दे. कापलेली कवळी काय कामाची? तुम्ही जा. बाईंना सांगा मला सर्दी झालीय."

कडक इस्त्रीच्या शर्टात तो पोपटासारखा आत गेलेला चेहरा बघून मला रडू आलं. आणि रडू आलं की मी बोलते.

"सर्दी आता पुरे झाली! दात मी करून दिले, आता जीभही मीच हलवू का? चला मुकाट्याने."

बाबा मुकाट्याने आले. फारच मुकाट्याने. गाडीतून उतरल्यापासून त्यांनी तोंडावर रुमाल धरला तो धरलाच. बाई आधीच येऊन थांबल्या होत्या, डोक्यावर उन्हाची टोपी, खांद्याला पर्स. "किती दिवसांनी!" म्हणाल्या. बाबांनी मान हलवली. "तब्येत कशी आहे?" मान. "नवीन पुस्तकं आलीत, तुमच्यासाठी बाजूला काढून ठेवलीत." पुन्हा मान. हळूहळू बाईंचं बोलणं आटत गेलं. परीक्षक दादाच्या यानाभोवती फिरून "वा, ही नक्षी कसली?" विचारत होते आणि दादा घाम पुसत "प्लास्टिक, प्लास्टिक" म्हणत होता, तेव्हा बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मी यायला नको होतं का गं? रागावलेत वाटतं माझ्यावर."

"नाही हो," मी म्हटलं. पुढे काय सांगणार? हे बोलत नाहीत, कारण यांचे दात त्या रॉकेटला लावलेत?

सगळ्यांना मागे सरकवलं. दादाने वायर जोडली, आकडे उलटे मोजले आणि बटण दाबलं. सुईऽऽ करून यान जमिनीत रोवलेल्या दांडीवरून सुटलं आणि सरळ वर गेलं. डगमगलं नाही की तिरकं झालं नाही. बाबा रुमालाआडून वर बघत होते. स्वतःचे दात ढगांकडे जाताना बघायचं नशीब सगळ्यांना मिळत नाही. वर फट् करून पॅराशूट उघडलं, दादा लहान मुलासारखा नाचला, आणि यान वाऱ्यावर झुलत झुलत आमच्याच दिशेने यायला लागलं.

ते बाबांपासून हातभर अंतरावर, शेपटीवर आदळलं. टक्‌ असा आवाज झाला. डावा तुकडा उखडला आणि घसरत बाईंच्या चपलेपाशी जाऊन थांबला.

बाईंनी तो उचलला. चष्मा लावला. उलटापालटा करून बघितला. मग त्यांचं बोट त्या चढलेल्या सुळ्यावर येऊन थांबलं.

"हा तर यांचा सुळा," त्या म्हणाल्या.

मी थक्क झाले. "रंगवलेला असून ओळखलात?"

"रोज तासभर समोर बसून मी काय पेपर वाचत होते?" बाई म्हणाल्या. मग बाबांकडे वळल्या, तुकडा पुढे धरून. "म्हणून येत नव्हतात होय तुम्ही? एवढ्यासाठी?"

बाबांनी रुमाल खाली घेतला. ओठ थरथरत होते, आत आधाराला काही नव्हतं. तरी बोलले, मिळेल तेवढ्या हवेवर. "चांगला दिसून विचारणार होतो. आता असंच विचारतो. माझ्याबरोबर राहाल का?"

बाई काही बोलणार, एवढ्यात दादा धापा टाकत पोचला. "तो तुकडा द्या आधी! परीक्षक यायच्या आत लावतो. भाग गळाला तर गुण कापतात!"

"कापू देत," बाई म्हणाल्या. त्यांनी तो तुकडा पर्समध्ये टाकला, चेन लावली आणि माझ्याकडे बघितलं. "नवी कवळी करशील तेव्हा हा नमुन्याला घेऊन येईन. सुळा असाच वाकडा ठेव हं. रोज सकाळी मलाच बघायचाय तो."