भरलं, दादा

सोनईच्या शिवारात पुंजारामाच्या विहिरीवर विजेची मोटर बसली आणि पुंजारामाच्या पायाला भिंगरी लागली. बटण दाबायचं आणि सायकलवर टांग मारायची. आज कारखान्याची सभा, उद्या नगरला सामान, परवा तालुक्याला खेटा. उसाला पाणी देणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं झालं होतं. जेवणही गडी उभ्या उभ्या उरकायचा. चव कशी होती, हे त्याला विचारू नये.

मोट होती तेव्हा असं नव्हतं. थोरला भाऊ गहिनीनाथ मोटेचे बैल हाकायचा, धाकटा पुंजाराम उसात पाणी धरायचा. ऊस डोक्यावर गेला की दोघं एकमेकांना दिसत नसत. म्हणून घरची रीतच होती, की शेवटचा वाफा भिजला की पाणी धरणाऱ्याने आरोळी द्यायची, "भरलं, दादा, बैल सोड." तोवर मोट थांबायची नाही. मग थोरल्याची बायको चांगुणा चिंचेखाली फडकं सोडायची. भाकरी, ठेचा, बुक्कीने फोडलेला कांदा आणि मोटेचं गार पाणी. कोणालाच कसली घाई नसायची. आईमागे चांगुणानेच पुंजारामाला वाढवलं, ते त्याच चिंचेखाली.

मागच्या चैत्रात मोटर विकणाऱ्याची जीप रस्त्याला थांबली. पुंजाराम उसातूनच परस्पर तिच्यात बसून नगरला गेला. आरोळी द्यायची राहिली. उन्हं कलेपर्यंत गहिनीनाथ मोट हाकत राहिला आणि बैलांच्या मागेच कोसळला. ऊन लागलं, असं लोक म्हणाले. पुंजारामाने तेच खरं धरलं आणि तोंड मिटून घेतलं.

वर्ष होत आलं. चांगुणा अजून रोज दुपारी तीन भाकरी बांधून विहिरीवर जायची, चिंचेखाली बसायची आणि तिन्ही तशाच परत आणायची. विचारलं तर सांगायची, चाक वाजतंय, मोट चाललीय अजून. मोटेचं चाक तर पुंजारामाने केव्हाच चुलीत घातलं होतं. रात्री पाण्यात कालवलेल्या चार घासांवर ती जगत होती, गळ्याची हाडं वर आली होती. गावाने बाधा ठरवली. तिचा भाऊ तिला मिरजगावला न्यायला येणार होता. ही गेली तर परत यायची नाही, या भीतीने पुंजाराम आतून पोखरला होता.

त्या दुपारी लाईट गेली. मोटर का बंद पडली म्हणून शिव्या घालत तो विहिरीवर आला, तर चांगुणा बसलेलीच. त्याने हातापाया पडून विनवलं, घरी चल, दोन घास खा.

"त्येंच्या आधी कशी खाऊ?" ती म्हणाली. "त्या दिशी मी लई म्हनलं, जेवून घ्या. ते म्हनले, पुंजानं अजून सोड म्हनलं न्हाई."

पुंजारामाला उमगलं. हिला सगळं ठाऊक होतं. वर्षभर ठाऊक होतं, आणि तरी त्याच्यासाठी ती भाकरी थापत होती.

तेवढ्यात चिंचेला बांधलेला मोटेचा म्हातारा बैल पाखऱ्या उठला. रिकामी मोट विहिरीत सोडताना मागे सरायचा, तसा तो एकेक पाऊल मागे सरू लागला. दावं ताणलं तसा थांबला, पुढे आला, पुन्हा मागे. आणि मग पुंजारामालाही ऐकू आलं. जळून राख झालेलं चाक कुरकुरत होतं.

त्याला पळून जावंसं वाटलं. पण पाय उसाकडे वळले. पाती तोंडावर ओरबाडत होती. जिथून तो निघून गेला होता, त्या शेवटच्या वाफ्यात तो उभा राहिला. रडू आवरेना.

"भरलं, दादा. बैल सोड. लई उशीर झाला मला."

चाक थांबलं.

तो परतला तेव्हा पाखऱ्या बसून रवंथ करत होता. चांगुणाने फडकं सोडलं होतं. एक भाकरी तिने त्याच्या हातावर ठेवली, एक स्वतःपुढे ओढली. तिसरीवरून ती हात फिरवत राहिली, मग तिचे दोन तुकडे करून एक त्याला दिला. भाकरी गार होती, ठेचा झणझणीत होता. वर्षभरात पहिल्यांदा पुंजारामाला चव लागली, आणि ती त्याला सोसवेना.

मोटरीच्या खोपटातला दिवा लागला. लाईट आली होती. तो सवयीने घाईघाईत घास गिळू लागला.

"सावकाश खा, पुंजा," चांगुणा म्हणाली. "आता आपल्यासाठी कुनी थांबलेलं न्हाई."