राखेतलं बी

धोंडीबा गुरुजींनी निवृत्त झाल्यावर गप घरी बसावं की नाही? छे! जत-सांगली रस्त्याला पत्र्याचं हॉटेल काढलं, भिंतीला फळा टांगला आणि वर पाटी लावली, ‘भाकरीची शाळा’. ज्वारीची भाकरी, हुलग्याचं पातळ माडगं, तांदळीची भाजी, आणि ताट येण्याआधी पाच मिनिटं धडा. मैद्यानं पोटात काय होतं, साखर कशी चढते, हुलग्यात ताकद किती. गिऱ्हाईक भुकेनं कळवळतंय आणि गुरुजी खडू घेऊन उभे! “गुरुजी, आधी वाढा, मग शिकवा की,” असं लोक तोंडावर म्हणायचे आणि पुढल्या खेपेला समोरच्या ढाब्यावर नूडल्स खायचे.

तीन वर्षांत धडा लागू पडला तो गावातल्या एकट्या आप्पासोला. साखरेनं त्याच्या पायाचं बोट गेलं, तेव्हा कुठं गडी शुद्धीवर आला. रोज गुरुजींकडं जेवायला लागला. एक दिवस आपण होऊन म्हणाला, “औंदा एकरभर रान तुमच्या दगडी ज्वारीला देतो. हस्त नक्षत्र लागलं की बी न्याया येतो.” निरोपसमारंभाला शाल-नारळ मिळाला तेव्हाही गुरुजींना एवढा आनंद झाला नव्हता.

कारण ही दगडी ज्वारी आता गावात कुणाकडंच उरली नव्हती. गुरुजींच्या बायकोनं, येसूबाईनं, ती माहेराहून आणली होती आणि परसात वर्षाला चार ओळी पेरून जगवली होती. मागल्या साली पावसानं दगा दिला, कणसं पोचट निघाली. हाती आलं ते एक मडकंभर, पाच किलो. येसूबाईनं ते कीड लागू नये म्हणून राखेत घोळून, कडुनिंबाचा पाला घालून कोपऱ्यात ठेवलं होतं. आप्पासोच्या एकराला तेवढं बरोबर पुरणार होतं. ते उगवलं की गावात बी पुन्हा पसरणार, एवढीच गुरुजींची आता आस होती.

अशात सांगलीच्या एका शाळेची सहल यायची ठरली. साठ मुलं! गुरुजी नुसते हुरळले. आदल्या दिवशी येसूबाई सकाळपासून भाजीला बाजारात गेली होती, तेवढ्यात त्यांनी मडकं उपसलं. मुलांना राखेतलं बी काय दाखवायचं? दाणा कसा मोत्यासारखा दिसला पाहिजे! त्यांनी राख चाळली, दाणे धुतले, उन्हात खडखडीत वाळवले आणि कोऱ्या स्टीलच्या डब्यात भरले. वर वळणदार अक्षरात चिठ्ठी डकवली, ‘बियाणे. दळू नये.’ डबा स्वयंपाकघराच्या फळीवर ठेवला आणि उद्याचा धडा पाठ करत बसले. बायकोला सांगायचं राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी साठाच्या जागी पंच्याण्णव मुलं उतरली. येसूबाईच्या हाताला उसंत नव्हती. बाहेर गुरुजी रंगात आले होते. “बाळांनो, भाकरी ताटात येते त्याआधी ती बी असते. बी गेलं की सगळं गेलं!” आत घरघंटी घरघरत होती. पीठ संपलं असेल, येसू निभावून नेतेय, असं वाटून गुरुजींना बायकोचं कौतुक वाटलं. मागच्या बाकांवर चिप्सची पाकिटं फुटत होती, तरी ते बोलत राहिले. मग त्यांनी हाक मारली, “येसू, तो फळीवरचा डबा आण गं!”

येसूबाई पिठानं माखलेल्या हातांनी दारात आली.

“आवं, त्याच्याच तर भाकऱ्या चालल्यात.”

हातातला खडू तसाच धरून गुरुजी वळले. ते आत धावले. डबा रिकामा, चिठ्ठी जागच्या जागी.

“अगं, बी होतं ते! वर लिवलंय की, दळू नये म्हणून!”

“बी हाय ते मला कळंना व्हय? माझ्या माहेरचं हाय. पर तुमी राखंतनं काढलं, धुतलं. राखंतनं काढल्यालं बी कुणी परत ठेवतं व्हय? खायालाच काढत्यात. मला वाटलं, पेरायपुरतं मडक्यात ऱ्हायलं आसंल, आन बाकीचं तुमी पोरांसाठनं हौसेनं काढलंय.” मग तिनं चिठ्ठीवर पिठाचं बोट ठेवलं. “आन लिवलंय म्हणता, तर मला कवा शिकवलंसा वाचाया?”

गुरुजींनी डब्यावरची चिठ्ठी सोलून काढली. चौतीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या पोरांना बाराखडी गिरवायला लावली. चाळीस वर्षं ही बाई त्यांच्यासमोर ताट ठेवत आली, आणि तिला साधी पाटी द्यायचं त्यांना सुचलं नव्हतं. बायकोवर ओरडायचं तोंड त्यांना उरलं नाही. शरमेनं त्यांचा जीव नको नको झाला.

मुलांनी फोटो काढले, निम्म्या भाकऱ्या ताटात टाकल्या आणि बस गेली. येसूबाई उष्टे तुकडे टोपलीत गोळा करत डोळे पुसत राहिली. मडकं तिनं दोनदा उपडं करून पाहिलं. राखेशिवाय त्यात काही नव्हतं.

उन्हं कलली तेव्हा आप्पासो लंगडत आला. काखेत नवी कोरी कापडी पिशवी होती.

“गुरुजी, रान तयार हाय बगा! बी न्याया आलूय. दोन पोरांनाबी तयार केलंय, फुडल्या साली ती पेरणार. आदी वाढा मातूर, लय भूक लागलीया. धडा नंतर.”

गुरुजींनी त्याला बाकावर बसवलं. येसूबाईनं शेवटची शिल्लक भाकरी आणि वाटीभर माडगं त्याच्यापुढं ठेवलं. आप्पासोनं तुकडा मोडून तोंडात टाकला आणि चावता चावता थांबला.

“आयला! लय गोड लागतीया गुरुजी. आपण पेरणार ती ह्यीच न्हवं?”

“व्हय आप्पासो, हीच,” गुरुजी म्हणाले, आणि त्याच्या मांडीवरची रिकामी पिशवी उचलून तिची घडी घालत बसले.