मापाचा ब्लाउज

खोलीला आतून कडी घातली, ती नीट बसली का ते ओढून पाहिलं, आणि मगच मालुबाईंनी ट्रंकेच्या तळातून तो दुसरा ब्लाउज बाहेर काढला.

पहिला पलंगावर पडला होता. तोच लाल खण, तोच गोल गळा, बाहीला तीच काळी किनार. पहिला सुनेनं, केतकीनं, शिवलेला. दुसरा निपाणीच्या शामू टेलरनं त्यावरून हुबेहूब उतरवलेला. लांबून पाहणाऱ्याला फरक कळला नसता, आणि आज कुणी फार जवळ येऊ नये एवढंच मालुबाईंचं देवाकडे मागणं होतं.

"आई, आवरलं का ओ? बायका यायला लागल्यात!" केतकीनं दारावर थाप मारली.

"आले, आले! जरा दम धर की गं!" मालुबाई आतून ओरडल्या आणि हूक लावू लागल्या.

आज केतकीच्या दुकानाचं उद्घाटन होतं. टिळकवाडीतल्या त्यांच्याच घराच्या खालच्या गाळ्यात. शाळेतली चांगली नोकरी सोडून या पोरीनं ब्लाउज शिवायचं दुकान काढलं होतं. तिच्या माहेरच्यांनी नाकं मुरडली. नवरा श्रीनाथ 'बघ बाई, तुझं तू' म्हणून मोकळा झाला. पाठीशी उभ्या राहिल्या त्या एकट्या मालुबाई, आणि त्यांनीच नेमका हा उद्योग करून ठेवला होता.

मालुबाई म्हणजे कॅम्पातल्या टेलिफोन ऑफिसात उभं आयुष्य काढलेली बाई. साडी नेसावी तर मालुबाईंनी, असं बायका त्यांच्या तोंडावर म्हणायच्या आणि पाठीमागेही म्हणायच्या, हे विशेष. ताठ मान, ताठ पाठ, निरी इकडची तिकडे नाही. अशी बाई दोन वर्षांपूर्वी न्हाणीघरात घसरली आणि उजव्या खांद्यावर पडली. घरात कुणी नव्हतं. संध्याकाळी सगळे आल्यावर 'मुरगळला जरा' एवढंच सांगितलं, कुणा हाडवैद्याकडून गुपचूप पट्टा बांधून घेतला, आणि हाड बसलं ते वाकडंच बसलं. खांदा खाली उतरला. मानेजवळ सुपारीएवढा उंचवटा आला.

तेव्हापासून पदर दोन्ही खांद्यांवरून. लोक म्हणाले, वयाला शोभतंय. मालुबाईंना ते वाक्य फार झोंबायचं. दुकानदारसुद्धा हल्ली त्यांना पाहिलं की राखी आणि बिस्किटी साड्यांचेच गठ्ठे सोडायचे, जणू साठी उलटली की बाईनं भिंतीच्या रंगाचं होऊन बसायचं असतं! मालुबाई मात्र तिथं हटकून लाल काढायला लावायच्या, मन भरेतो बघायच्या आणि तशाच परत यायच्या. कारण लाल रंग खांद्याकडे बघायला लावतो.

आणि मग महिन्यामागे केतकी गळ्यात टेप अडकवून समोर उभी राहिली होती. "उद्घाटनाला तुम्ही मी शिवलेलाच घालायचा, आई. या, माप घेते."

मालुबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. "माप काय घ्यायचंय त्यात? थांब, मापाचा ब्लाउज देते." आणि घरोघरच्या बायका शिंप्याला देतात तसा आपला जुना ब्लाउज तिच्या हातात ठेवला. पडायच्या आधीचा. केतकीनं त्यावरून जीव ओतून शिवला, आणि तो त्या जुन्या मालुबाईंना काय सुरेख बसला असता! आत्ताच्या मालुबाईंच्या अंगावर उजवीकडून खाली घसरला, मागं गळ्याशी आ वासून राहिला, काखेत काचला. त्या पदर घट्ट लपेटून खोलीबाहेर आल्या आणि म्हणाल्या, "झकास बसलाय." केतकीचा चेहरा असा फुलला की बोललेलं परत घ्यायची सोय उरली नाही.

तेव्हाच सांगून टाकायचं की नाही? दोन वाक्यांचं काम. पण मालुबाईंची जीभ रेटेना. सुनेनं एकदा तो खांदा पाहिला की 'आई, तुम्ही बसा, मी करते' सुरू होणार, आज पाण्याची कळशी, उद्या गॅस, परवा बाजार. परक्याला दाखवलेलं दुखणं परक्याच्या घरी राहतं, घरातल्याला दाखवलं की ते आपल्याच घरात हातपाय पसरून बसतं, असा त्यांचा हिशेब. सरकारनं बाईमाणसाला बस फुकट केल्यापासून कुठं चाललात म्हणून कुणी विचारतही नाही. शहापुरातून तसलाच खण घेतला, 'बहिणीला भेटून येते' म्हणाल्या आणि निपाणी गाठली. शामू टेलर माहेरच्या गल्लीतला. बडबड्या माणूस, पण माप घेताना त्यानं एक शब्द विचारला नाही. दोन्ही बाजू वेगवेगळ्या कापल्या, उजव्या खांद्यात बारीक गादी घातली आणि झालं.

हूक लागले. इरकल नेसून झाली. आज मालुबाईंनी पदर डाव्या खांद्यावरच ठेवला आणि आरशात पाहिलं. दोन वर्षांनी स्वतःची ओळख पटली. आनंदानं भरून आलं.

खाली गाळा बायकांनी गच्च भरला होता. खव्याच्या कुंद्याच्या बशा फिरत होत्या. मालुबाई पायऱ्या उतरून आल्या तशा सगळ्या माना वळल्या.

"अगं बाई! मालुआक्का, दहा वर्षांनी लहान दिसायल्यात की ओ!" मंगल पुढं आली. मंगल म्हणजे महिला मंडळाची अध्यक्ष, साठीची, आडव्या अंगाची, आणि तिचा शब्द टिळकवाडीत खाली पडत नसे. "कुणी शिवला?"

"कुणी म्हंजे? सून कशाला हाय मग?" शेजारची बेबी परस्पर म्हणाली.

मालुबाईंनी नुसती मान हलवली. खोटं बोलायचं नव्हतं, पण मान हलली.

"पोरीबाळींचं शिवणारे गल्लोगल्ली हाईत," मंगल सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलू लागली. "आमच्या वयाचं कुणाला जमतंय सांगा. एक बाजू वर, एक खाली, पोट पुढं, पाठ मागं. हिला जमलंय! मंडळाला पन्नास वर्षं व्हायल्यात. सगळ्यांचे ब्लाउज हितंच शिवायचे, ठरलं माझं."

बायकांनी टाळ्या वाजवल्या. अख्ख्या मंडळाचं काम पहिल्याच दिवशी! केतकी हसत हसत बशी घेऊन जवळ आली, आणि तिची नजर सासूच्या पाठीवर गेली. मालुबाईंनी समोरच्या आरशात तिला पाहिलं. हसू ओठांवर तसंच राहिलं, डोळ्यांतलं गेलं. स्वतःचं अक्षर माणूस ओळखतो, तशी शिवणारी बाई स्वतःची शिलाई ओळखते. तिनं खणाची नक्षी पाठीच्या मधोमध जुळवली होती. शामूनं जुळवली नव्हती.

"आणि लेबल कुठाय गं?" मंगलनं मालुबाईंच्या मागच्या गळ्यात सरळ बोट घातलं. "बोर्डावर तर लिहिलंयस, प्रत्येक ब्लाउजला आमचं लेबल म्हणून."

मालुबाईंचा हात पदराकडे गेला.

"घरच्या माणसाला कशाला लेबल, काकू?" केतकी म्हणाली. आवाज कोरडा ठक्क होता.

म्हणजे कळलं हिला. कळलं, आणि तरी सावरलं. माझ्यासाठी की दुकानासाठी? मालुबाईंनी तिच्याकडे पाहिलं, पण ती बघायलाच तयार नव्हती. लाजेनं मालुबाईंचे कान तापले.

"मग घे माझं माप! आत्ताच्या आत्ता!" मंगल दुकानाच्या मधोमध उभी राहिली. पोट आत ओढलं, मान उंच केली, छाती फुगवली, खांदे मागं नेले. अशी मंगल मालुबाईंनी उभ्या जन्मात पाहिली नव्हती. केतकीनं टेप उचलली. म्हाताऱ्या, वाकल्या अंगाचा एकही ब्लाउज तिनं अजून शिवला नव्हता, आणि समोरची बाई नसलेलं अंग मापायला देत होती.

मालुबाईंना पुढचं सगळं दिसलं. या मापावर शिवलेला मंगलला बसणार नाही. बाकीच्या बायका घरातले जुने ब्लाउज आणून देतील, तेही बसणार नाहीत. सुवर्णमहोत्सवाला अख्खं मंडळ काखेत काचत स्टेजवर उभं राहील आणि दुसऱ्या दिवशी अनगोळपर्यंत केतकीच्या नावानं बोंब होईल. बोलावं तर काम आत्ता जातंय, गप्प बसावं तर दुकानाचं नाव जातंय. आणि याला कारण कोण, तर पाठीशी उभी राहिलेली सासू.

टेप मंगलच्या खांद्याला टेकली.

"थांब केतकी," मालुबाई म्हणाल्या. "मंगल, हा ब्लाउज हिनं शिवलेला न्हाय."

बशांमधले चमचे थांबले.

"हिनं शिवलेला वर पलंगावर पडलाय. तो मला बसत न्हाय. तिची चूक न्हाय त्यात. मी पडायच्या आधीचं माप दिलं तिला. माझं आताचं अंग तिनं बघितलंच न्हाय. मी बघू दिलं न्हाय."

"आणि ह्यो?" मंगलनं विचारलं.

"निपाणीत शिवून घेतला. चोरून."

"बघा बया! सुनंचं उद्घाटन आणि दुसऱ्याचा माल!" बेबी म्हणाली आणि दोघीचौघी हसल्या. मंगल हसली नाही. तिनं फुगवलेली छाती हळूहळू खाली आली.

केतकीचा चेहरा लालबुंद झाला. तिनं सासूचं मनगट पकडलं आणि ओढतच ट्रायलच्या पडद्याआड नेलं.

"माझ्या दुकानात, आई? माझ्या उद्घाटनाला?" ती दबक्या आवाजात बोलत होती, पण प्रत्येक शब्द चटका देत होता.

"चारचौघीत तुझी शोभा होऊ नये म्हणून गं."

"मग झाली ती काय? पदर काढा."

"केतकी, बाहेर बायका हाईत."

"पदर काढा म्हणते न्हवं!"

मालुबाईंनी पदर काढला. हूक केतकीनंच सोडले. गादीचा ब्लाउज बाजूला झाला आणि खांदा होता तसा खाली आला. केतकी वाकून बघू लागली. मग तिची बोटं त्या सुपारीएवढ्या उंचवट्यावर टेकली आणि मालुबाईंनी डोळे मिटून घेतले.

"हे त्या वेळचं?"

"व्हय."

"तुम्ही मुरगळलाय म्हणालात आणि मी दुसऱ्या दिवशी शाळेत निघून गेले." केतकीचा आवाज फुटला. "दोन वर्षं एका घरात राहतोय आपण. त्या शिंप्याला दाखवलंत, आणि मला न्हाय?"

"तो परका गं. तुला कळलं असतं तर म्हातारी म्हणून बसवलं असतंस मला एका जागी."

"बसवलं असतं की! रिक्षात बसवलं असतं आणि डॉक्टरकडं नेलं असतं!"

केतकीनं ओढणीनं नाक पुसलं आणि टेप हातात घेतली. टेप गार लागली. मालुबाईंनी सवयीनं उजवा खांदा वर उचलला, मान सरळ केली, श्वास आत ओढला.

केतकीनं तळवा त्या खांद्यावर ठेवला आणि हलकेच खाली दाबला. "वर धरू नका. असाच राहू दे."

मालुबाईंनी खांदा सोडून दिला. तो वर धरण्यात दोन वर्षं किती जीव खर्ची पडत होता, ते तो खाली आल्यावरच कळलं, आणि त्यांना रडू आवरेना. केतकी माप घेत राहिली. आधी डावीकडचं, मग उजवीकडचं.

बाहेर कुजबुज चालली होती. कुणाच्या तरी चपला वाजल्या, कुणी तरी निघून गेलं. मग पडद्याला अगदी लागून मंगलचा आवाज आला, नेहमीपेक्षा पुष्कळच खालचा.

"मालुआक्का, तुमचं झालं की मला घ्या ओ आत. मघाचं उभारणं काय खरं न्हाय माझं. आणि बाहेर नको, हितंच पडद्याआड."

"बसा काकू," केतकी आतून म्हणाली. "आईंचं अजून व्हायचंय."