माकुडीचं पाणी

अयुबनं ती काडी घरी आणली तेव्हा तिला झाड म्हणायला कुणीच तयार नव्हतं. जुन्नरकडं कांद्याच्या गोण्या पोचवून येताना टेंपो गरम झाला म्हणून तो घाटात थांबला होता. तिथं कड्याच्या फटीतून ही लोंबत होती. बोटभर जाडीची, राखाडी, सुरकुतलेली, ना पान ना काटा. शेळ्या राखणाऱ्या एका म्हाताऱ्यानं हिला माकुडी म्हणतात एवढं सांगितलं आणि वर एक तुकडा मोडून हातात दिला. चैत्रातलं ऊन होतं. असल्या उन्हात माणूस घरी कलिंगड घेऊन येतो, हा गडी हे घेऊन आला.

“मेलेल्या पालीची शेपटी हाय का ही?” निखतनं विचारलं.

“जित्ती हाय,” अयुब म्हणाला. “पावसात बघ तू.”

निखत माहेरची दौंडची, रेल्वेच्या चाळीत वाढलेली. तिथं दाराशी मोगरा असायचा, गुलाब असायचा, आणि झाड म्हटलं की रोज पाणी, हे तिच्या हाताला लहानपणापासून पक्कं बसलेलं. अयुबनं डालड्याच्या डब्याला बुडाशी भोकं पाडली, मुरूम आणि फुटक्या कौलाचे तुकडे भरले, मूठभर माती टाकली आणि काडी त्यात खोचली. नवरा टेंपोवर गेला की निखत त्या डब्यापुढं उभी राहून मान हलवायची. माती कमी आणि दगड जास्त, यात काय कपाळ उगवणार?

पण पावसात काडीला पानं फुटली. अंगठ्याएवढी, जाड, पाण्यानं टरारलेली. श्रावण सरता सरता फुलंही आली, काळपट लाल चांदण्या, त्यावर पिवळे ठिपके. वास मात्र शिळ्या मटणाचा. डब्याभोवती माश्या घोंघावायला लागल्या तेव्हा सासरे, दगडूभाई, ओट्यावरून म्हणाले, “माज्या पोराला फूल गावलं, ते बी माश्यांचं.” दगडूभाई कल्हईवाले. न्हावरे, निमोणे, पार वढूपर्यंत भाता खांद्यावर टाकून फिरलेला माणूस. स्टीलची भांडी आली आणि त्यांचा धंदा बसला, तरी हसायचं त्यांनी सोडलं नव्हतं. सासू निखतच्या लग्नाआधीच वारलेली. घरात मूलबाळ नाही. तीन माणसं आणि एक डबा.

दोन हजार साल लागलं त्या हिवाळ्यात माकुडीची पानं पिवळी पडून गळायला लागली. निखतचा जीव कळवळला. तिनं रोज सकाळी पाणी घालायला सुरुवात केली. पानं गळतच राहिली, तशी ती संध्याकाळीही घालू लागली. एक दिवस कांडीला बोट लावलं तर बोट आत गेलं. सगळं आतून कुजलेलं.

अयुब रागावला नाही. त्यानं ब्लेडनं कुजका भाग कापून टाकला, वरचा वीतभर घट्ट तुकडा सावलीत ठेवला, त्याची जखम पुरती सुकू दिली आणि मगच मुरमात लावला. “दिवाळी झाली की हिचं पानी तोडायचं,” त्यानं तिला समजावलं. “मेल्यासारखी दिसंल, सुरकुतंल. आपुन तिकडं बघायचंच न्हाई. वळीव झाला की ती आपली आपुन उठतीया.”

निखतला ते शिकायला एक अख्खा उन्हाळा लागला. पाणी घालणं सोपं असतं, हात आवरणं अवघड. भर वैशाखात ती काडी आकसून, चिमून बसलेली बघायची आणि भरलेला तांब्या परत आत न्यायचा. पण ती शिकली, आणि इतकी चांगली शिकली की पुढं तेच तिच्या गळ्यात पडलं.

कारण दोन वर्षांनी अयुबच्या पायांवर सूज आली. मग तोंडावर आली. पुण्याच्या डॉक्टरांनी दोन्ही किडन्या गेल्याचं सांगितलं. टेंपो विकला. एसटीनं पुण्याला जाऊन रक्त धुऊन आणायचं, परत यायचं, दोन दिवस बरे जायचे, की पुन्हा अंग फुगायचं. डॉक्टरांनी निखतला बाजूला घेऊन एकच गोष्ट बजावली होती. पाणी मोजून. जास्त झालं तर ते फुप्फुसात शिरतं आणि माणूस बसल्या जागी गुदमरतो.

घरात पितळेची एक लोटी होती, दगडूभाईंनी स्वतः कल्हई केलेली. तिच्या पोटाला पोचा आला होता. त्या पोच्यापर्यंत पाणी, तेवढा अयुबचा दिवस. सकाळी निखत ती भरायची आणि फळीवर ठेवायची. औषधाबरोबर घोट, जेवणाबरोबर घोट. अयुब गुळण्या करायचा आणि चूळ टाकताना तिच्याकडं बघायचा. ती त्याच्या गळ्याकडं बघत असायची, एखादा घोट आत जातोय का म्हणून. नवऱ्यावर असा पहारा ठेवायची वेळ वैऱ्यावरही येऊ नये.

“माकुडीनं तुला तयार केली,” एकदा तो म्हणाला. बोलताना ओठ एकमेकांना चिकटत होते. “तिचं पानी तोडलं, आता माजं.”

निखत मोरीत जाऊन रडली. तोंडावर पाणी मारायचीही तिला लाज वाटली.

शेवटच्या पावसाळ्यात माकुडी कधी नव्हे एवढी फुलली. अयुब खाटेवरून तिच्याकडं बघत पडलेला असायचा. एका दुपारी त्यानं बापाला आणि बायकोला जवळ बोलावलं. “माज्या कबरीच्या उशाशी सब्जा नका लावू. सब्जाला रोज पानी लागतंय. अब्बानं किती दिस हेलपाटं घालायचं? ही लावा. कुनी आलं न्हाई तरी मरायची न्हाई.”

त्यानंतर थोड्याच दिवसांत, गणपती बसले होते तेव्हाची गोष्ट. लोटी दुपारीच संपली होती. दिवेलागणीला अयुबनं हाक मारली, “निखत, घोटभर.”

“सकाळी देते.”

“जीभ हलंना गं.”

“डॉक्टर काय म्हनले? सकाळी देते.”

त्यानं बापाकडं मान वळवली. दगडूभाई उठले, माठातून लोटी बुडवून आले आणि खाटेशी वाकले. निखत एवढंच म्हणाली, “अब्बा.” म्हाताऱ्याचा हात थांबला. त्यांनी लोटी परत फळीवर ठेवली आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले. सकाळ झाली, पण अयुबची झाली नाही.

निखतचं चुकलं का? डॉक्टरला विचाराल तर तो नाही म्हणेल. ती मात्र विचारायला गेली नाही.

दौंडहून भाऊ न्यायला आला. ती गेली नाही. सासऱ्यांना भाकरी कोण घालणार, हे कारण तिनं सांगितलं आणि ते खरंही होतं. पण मनात दुसरं होतं. दगडूभाईंनी माकुडी कबरीच्या उशाशी लावली होती, डब्यातल्या मुरमासकट. नवऱ्यानं मागितलेली एकच गोष्ट देता आली होती. बाकी जे जे मागितलं त्याला तिनं नाहीच म्हटलं होतं. माकुडी तिथं जगली पाहिजे, दर पावसाळ्यात त्याच्या उशाशी फुलली पाहिजे, याच्यापलीकडं तिला आता काही नको होतं.

नवरा गेल्यावर पाळायच्या इद्दतीचे चार महिने दहा दिवस ती उंबऱ्याबाहेर पडणार नव्हती, आणि एरवीही बायका कबरस्तानात जात नाहीत. खबर आणायची झुंबरबाई. तिचा मेथीचा वाफा कबरस्तानाच्या कुंपणाला लागून. बाजाराला जाताना ती पाटी ओट्यावर टेकवायची आणि सांगायची.

“पानं गळाली गं सगळी.”

“गळू द्या. झोपली ती.”

दिवाळी झाली तसं निखतनं सासऱ्यांना सांगितलं, “अब्बा, आता पानी तोडायचं. जुम्याला लोक कबरींवर पानी घालत्यात, त्यांना तेवढं सांगा.”

“सांगतो,” दगडूभाई म्हणाले. अलीकडं ते हसत नव्हते आणि जास्त बोलतही नव्हते.

पण मार्गशीर्षात झुंबरबाई म्हणाली, “माती वल्ली दिसती रोज. कांडी पिवळी पडली एक.” मग म्हणाली, “दोन गळून पडल्या.” निखतनं सासऱ्यांना पुन्हा सांगितलं, त्यांनी पुन्हा मान हलवली. शेवटी पौषात झुंबरबाईनं पाटी टेकवली, पण बोलायचं काही केल्या सुरू करेना. पदरानं तोंड पुसत राहिली.

“कोन घालतंय पानी, मामी? तुम्ही बघितलंय.”

“तुजा सासराच की गं. रोज पहाटं, नमाज झाली की. हातात लोटी असती.”

निखतनं आत जाऊन फळीवर हात घातला. लोटी आतून ओली होती.

तिला आधी राग आला, आणि राग आला म्हणून बरंही वाटलं, कारण इतके दिवस रागवायला कुणी नव्हतंच. दोनदा सांगितलं, दोनदा मान हलवली, आणि रोज स्वतःच जाऊन पोराची शेवटची इच्छा कुजवतोय हा म्हातारा. आता तोंडावर विचारायचं. घरात ते मान हलवून सुटतात, तिथंच धरायचं.

इद्दत संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी उजाडताना ती झुंबरबाईच्या वाफ्यात गेली. मेथीवर दव होतं, सलवारीच्या कडा भिजल्या. कुंपणाच्या बाभळीआडून कबर स्पष्ट दिसत होती. माकुडीच्या बहुतेक कांड्या काळ्या पडून मातीला चिकटल्या होत्या. एक, उशाच्या दगडाला टेकलेली, अजून हिरवट आणि उभी होती. ती पुरेशी होती. कापून, सुकवून पुन्हा लावता आली असती.

दगडूभाई आले. गुडघ्यावर हात ठेवून सावकाश खाली बसले. फातेहा पढले. मग लोटी उचलून त्यांनी पाणी ओतायला सुरुवात केली, उशाशीच, बारीक धार धरून, आजाऱ्याच्या तोंडात ओततात तसं. निखतनं हाक मारायला तोंड उघडलं होतं.

“पी बेटा,” म्हातारा म्हणत होता. “पी. सावकाश पी. आता कुनी आडवत न्हाई तुला.”

धार संपली. त्यांनी लोटी उपडी करून झटकली, शेवटचा थेंबसुद्धा पाडला. मग तळहातानं ती ओली माती थोपटत बसून राहिले.

निखत तशीच उभी होती. कुनी म्हणजे कोण, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. झुंबरबाई मागून आली आणि हळूच म्हणाली, “ती एक कांडी घट हाय अजून. त्ये गेले की काढून देऊ का? डब्यात लावशील घरी.”

“नको, मामी. ऱ्हाऊ द्या तिथंच.”

“मग त्यांना सांग तरी.”

निखतनं मान हलवली, सासरे हलवायचे तशीच, आणि घरी आली. चूल पेटवली, भाकरी केली. दगडूभाई आले, जेवले. त्यांचं ताट उचलून ती मोरीत गेली.

दुसऱ्या दिवशी ती अजानच्या आधी उठली. फळीवरची लोटी घेतली, राखेनं घासली, विसळली, आणि माठापाशी बसून ओगराळ्यानं भरायला लागली. पोच्यापाशी पाणी आलं आणि तिचा हात आपोआप थांबला. इतक्या महिन्यांची सवय. ती कांडी कशी दिसत होती ते तिच्या डोळ्यांपुढं होतं, आणि ही लोटी त्या कांडीचं काय करणार हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तिनं ओगराळं पुन्हा माठात बुडवलं. लोटी काठोकाठ भरली आणि उंबऱ्यावर, सासऱ्यांच्या चपलांशेजारी नेऊन ठेवली.

दगडूभाई टोपी घालत बाहेर आले. लोटीकडं बघितलं, मग तिच्याकडं. वाकून लोटी उचलली तेव्हा थोडं पाणी उंबऱ्यावर पडलं.

“लई भरलीस, पोरी. वाटंत सांडंल.”

“सांडू द्या, अब्बा,” निखत म्हणाली. “कमी पडलं तर परत या. मी आनखी भरून देते.”