सह्यांच्या क्रमाने

आमच्या विमानतळावर दिवसातून एकच विमान येतं, एकोणीस खुर्च्यांचं. सकाळी साडेनऊला शहरातून येतं आणि दहाला परत शहराकडे जातं. या अर्ध्या तासासाठी आम्ही नऊ जण पगार घेतो. उरलेल्या वेळात आम्ही धावपट्टीवरची कुत्री हाकलतो आणि साहेब आम्हाला हाकलतात. काउंटरवर मी. सामान तोलायचं, बोर्डिंग कार्ड हाताने लिहायचं (आमच्या कॉम्प्युटरची लाइन महिन्यातले वीस दिवस रुसलेली असते), प्रवाशांना विमानापर्यंत न्यायचं आणि जिन्याशी उभं राहून कार्डाचा तुकडा फाडून घ्यायचा, हे सगळं माझ्याकडे.

हे विमान सरकारच्या मेहेरबानीवर उडतं. आडबाजूच्या गावांनाही विमान मिळावं म्हणून रिकाम्या खुर्च्यांचं नुकसान सरकार कंपनीला भरून देतं. यंदा मात्र एक अट आली. शहराकडे जाणाऱ्या प्रत्येक फेरीला यादीत निदान अकरा माणसं हवीत. तिमाहीत तीन फेऱ्यांना कमी पडली की मार्ग बंद. आमच्याकडून जाणारी माणसं रोज चार, फार तर पाच.

मार्ग बंद झाला असता तर माझी नोकरी गेली असती, पण त्याचं मला एवढं काही नव्हतं. मला आई होती. तिच्या मणक्याचा आजार असा, की दर तीन आठवड्यांनी शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात जाऊन इंजेक्शन घ्यायलाच हवं. रस्त्याने नऊ तास. शेवटचं रस्त्याने नेलं तेव्हा ती वाटेत दोनदा बेशुद्ध पडली. विमानाने पन्नास मिनिटं, आणि तिकडे दादा उतरवून घ्यायला उभा. विमान बंद म्हणजे इंजेक्शन बंद, आणि इंजेक्शन बंद म्हणजे काय, ते डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं होतं.

त्यामुळे साहेब चष्मा पुसत म्हणाले, "यादीत माणसं वाढवायला हवीत," तेव्हा मी आढेवेढे घेतले नाहीत. कंपनीने फुकट तिकिटांचा गठ्ठा गुपचूप पाठवला होताच. नाव घालायचं की झालं. पण नावं आणायची कुठून? एकच नाव पुन्हा पुन्हा चालत नाही. एका विमानतळावर एकाच माणसाने महिन्यात सव्वीस वेळा प्रवास केल्याचं तपासनिसांनी पकडलं, आणि तो माणूस अंथरुणाला खिळलेला निघाला. मनाने रचलेली नावंही चालत नाहीत, कारण ते जन्मनोंदीत शोधतात. जन्म सापडला की त्यांचं समाधान होतं. मृत्यूची नोंद दुसऱ्या खात्यात असते, तिकडे कोण जातो!

मग साहेबांच्या कपाटात ती फाइल सापडली. चव्वेचाळीस वर्षांपूर्वीचा अर्ज, 'आमच्या गावास विमानसेवा मिळावी'. खाली नाव, धंदा आणि सही. शिंपी, पोस्टमास्तर, कंपाउंडर, सुतार, दोन सुईणी. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांचे अंगठे. एकूण सहाशे बारा. त्यातले बहुतेक कधीच गेलेले.

"जन्मभर ज्यांनी नुसती मान वर करून विमान पाहिलं, त्यांची कागदावर तरी एक फेरी होऊ दे," मी म्हणाले. साहेब हसले. मीही हसले. दुसऱ्या दिवसापासून मी रोज सात-आठ नावं उतरवू लागले, पहिल्या पानापासून, सह्यांच्या क्रमाने. उतरवलेल्या नावापुढे पेन्सिलीने टिंब द्यायचं, बस.

विमानाचं दार लावायच्या आधी माणसं मोजून यादीवर सही करायची, हे को-पायलटचं काम. पोरगा मिस्कील. पहिले काही दिवस तो दारातूनच म्हणायचा, "ताई, आज फार चेंगराचेंगरी आहे हं," आणि आत न बघता सही ठोकायचा. मार्ग बंद झाला तर त्यालाही घरी माश्या माराव्या लागणार होत्या.

तिसऱ्या आठवड्यात एकदा तो आत गेला आणि लवकर बाहेर आला नाही. आला तेव्हा हातातलं पेन त्याने दोनदा उघडलं आणि दोनदा बंद केलं.

"अकरा," तो म्हणाला.

"हो, यादीत अकराच आहेत."

"यादीचं नाही म्हणत, ताई. मी मोजले."

मी स्वतःच्या हाताने चार जणांना चढवलं होतं. मी जिना चढून आत डोकावले. पुढे बियाणं विकणारा एक माणूस मांडीवर बॅग घेऊन बसला होता, त्याच्यामागे एक नवरा-बायको, मग एक वकील. बाकी खुर्च्या रिकाम्या. पण त्यातल्या सात खुर्च्यांचे पट्टे बांधलेले होते, आणि ते खुर्चीला टेकलेले नव्हते. कुणाच्या पोटावरून जावेत तसे थोडे वर उचललेले होते. मी पुढे जाऊन एखादा ओढून पाहायला हवा होता. माझा पाय उचलला नाही.

विमान पोचलं की शहरातल्या काउंटरवरच्या बाई मला फोन करून आकडा सांगत. त्या दिवशी मी उगाच विचारलं, "सगळे ठीक उतरले ना?"

"अकराच्या अकरा. तुमच्या गावची माणसं शिस्तीची हं, बाई! सामान नाही, आरडाओरडा नाही, रांगेत उतरतात. फक्त काहींना न्यायला कुणीच येत नाही. बाकांवर बसून राहतात बिचारी. दुपारी बघावं तर नसतात."

मला भीती वाटली. पण आईची तारीख नऊ दिवसांवर होती. मी भीती बाजूला ठेवली आणि पुढच्या सात नावांवर टिंबं दिली.

आई गेली आणि दुसऱ्या दिवशीच्या विमानाने परत आली. संध्याकाळी जेवताना सहज म्हणाली, "जाताना शेजारी शिंपीकाका होते."

"कोण शिंपीकाका?"

"अगं, चौकातले. मी म्हटलं, खिडकीजवळ मी बसते. तर म्हणाले, चव्वेचाळीस वर्षं थांबलोय, आता मीच बघणार. पहिल्यापासून हट्टी."

माझा हात ताटातच राहिला. आई मात्र शांत होती. तिला वेड लागलेलं नव्हतं, हे मी पैजेवर सांगेन. पोळी करपली आहे हे तिने त्याच दमात मला सुनावलं होतं.

"आई, ते जाऊन वीस वर्षं झाली."

"ठाऊक आहे. म्हणून तर विचारलं नाही, कसे आहात म्हणून." मग ती पाणी प्यायली आणि तिने मला कधीच न सांगितलेली गोष्ट सांगितली. तिचा धाकटा भाऊ आजारी पडला होता. त्याला शहरात नेताना तो रस्त्यातच गेला, सातव्या तासाला, तिच्या मांडीवर. ती तेव्हा एकोणीस वर्षांची होती. महिन्याभरात ती कागद घेऊन दारोदार फिरू लागली. "लोक हसायचे. वेडी झाली पोर, म्हणायचे. मी प्रत्येकाला सांगायचे, तुम्ही सही करा, विमान आलं की मी स्वतः तुम्हाला घेऊन जाईन. तेवढ्यावर करायचे गं सही."

"तो अर्ज तू केला होतास?"

"मग काय सरकारने केला होता?" ती म्हणाली, आणि वाढून घ्यायला लागली.

त्या रात्री मला डोळा लागला नाही. दुसऱ्या दिवशी मी फाइल उघडलीच नाही. यादीत चारच नावं गेली. त्याच्या पुढच्या दिवशीही चारच. दोन फेऱ्या कमी पडल्या. साहेब ओरडले असते तर मी उलट बोलले असते. माझी जीभ काही लहान नाही. पण साहेबांनी एवढंच विचारलं, "आईची पुढची तारीख कधी आहे?" मी फाइल उघडली.

त्यानंतर मी वर न बघता नावं उतरवत गेले. आईच्या आणखी फेऱ्या झाल्या. कधी पोस्टमास्तर भेटले, कधी सुईण भेटली, असं ती येऊन सांगायची आणि मी ऐकायचे. तिचे रिपोर्ट सुधारत होते. मी मनाशी म्हणायचे, कुणाचं काही वाईट होत नाहीये ना? मग होऊ दे.

तिमाहीचा शेवटचा दिवस आणि आईची तारीख एकाच दिवशी आली. सकाळी मी शेवटचं पान उघडलं. खरे प्रवासी तीन होते, आई धरून चार. अर्जावर सहा नावं उरली होती. चार आणि सहा दहा. एक कमी. तिसरी फेरी.

मग पानाच्या अगदी तळाशी, शिक्क्याखाली, निळ्या शाईतली एक तिरकी सही दिसली. आईचं माहेरचं नाव. धंद्याच्या रकान्यात लिहिलं होतं, 'सध्या काही नाही'.

विमान उतरत होतं. शेजारणीचं नाव घालावं असं मनात आलं, पण नुसत्या कागदावर त्या विमानात जिवंत माणसाला बसवायचं धाडस होईना. आणि आई? आई तर जाणारच होती. बाई एक, नावं दोन. जन्मनोंदीत हे नाव, तिकिटावर ते. कुणाचं काय बिघडतंय? इतका विचार मी केला आणि कार्ड लिहिलं. माझ्याइतकं शहाणं कुणी नाही असं मला लहानपणापासून वाटतं, आणि ते मला असं भोवलं.

आईचं खरं कार्ड मी तिच्या हातात दिलं होतं. दुसरी सात माझ्याकडे, जिन्याशी एकेक करून फाडायला. ती माझ्या हाताकडे पाहत थांबली.

"ते वरचं बघू."

"ते नुसतं यादीसाठी आहे, आई."

"दे ना." तिने ते हातात घेतलं आणि वाचलं. "किती वर्षांनी कुणी लिहिलं गं हे." मग तिने वळून मोकळ्या सिमेंटकडे पाहिलं. तिथे कुणी नव्हतं. ती मात्र हलकेच मान हलवत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहत गेली, मुलं मोजताना बाई पाहतात तशी. "आले सगळे," ती म्हणाली. "चला." ते ती मला म्हणाली नव्हती.

तिने लग्नानंतरच्या नावाचं कार्ड पर्समध्ये टाकलं आणि दुसरं माझ्यापुढे धरलं. मी तिला धरून मागे ओढायला हवं होतं. पण पाच वर्षं हाताला एकच सवय आहे, समोर कार्ड आलं की फाडायचं. मी फाडलं. एरवी तिला पायऱ्यांवर आधार द्यावा लागायचा. मी हात पुढे केला तोवर ती वर पोचली होती.

को-पायलटने मोजलं. "अकरा."

मी बोटांवर हिशेब केला. तीन आणि सहा आणि आई. "दहा. नीट मोज."

"दोनदा मोजले, ताई."

"आई कुठे बसली आहे?"

"तिसऱ्या रांगेत," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "दोघी शेजारी शेजारी."

मी जिन्यावर पाय ठेवला तेव्हा दार लागलं होतं. मी ओरडले. पंख्यांच्या आवाजात ते मलासुद्धा ऐकू आलं नाही. जिना ओढणाऱ्या माणसाने मला कमरेला धरून मागे नेलं आणि विमान वळून निघून गेलं.

पन्नास मिनिटं मी फोनसमोर बसले. दादाला फोन लावला, त्याने उचलला नाही. मग शहरातल्या बाईंचा आला.

"दहा उतरले," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "आज एक मुलगी पुढे होती, दोन वेण्यांची. मागे सहा जण. आज बाकांवर कुणी बसलं नाही. पूर्वीचे ते सगळे कुठून तरी उठून आले आणि तिच्यामागे निघाले. हॉल भरला होता, बाई. इतकी माणसं मी इथे कधी पाहिली नाहीत. सरळ दाराबाहेर गेली."

"आणि अकरावं माणूस?"

"तुमच्या भावाला विमानात बोलावलंय," त्या म्हणाल्या आणि रडायला लागल्या.

दादाने मला रात्री सांगितलं. आई तिसऱ्या रांगेत बसली होती, मान खिडकीकडे. त्याला वाटलं, डोळा लागलाय. त्याने दोन हाका मारल्या, मग पट्टा सोडवायला खाली वाकला तेव्हा त्याला तिचा हात लागला. शेजारच्या खुर्चीचा पट्टा सुटलेला होता. पर्समधलं कार्ड कुणी फाडलेलं नव्हतं.

आठवड्याने साहेबांनी एक पत्र माझ्या काउंटरवर ठेवलं आणि तिथेच उभे राहिले. सरकारला आमच्या गावची मागणी पटली होती. एका तिमाहीत सहाशेहून अधिक नव्या प्रवाशांनी लाभ घेतला, सबब अकरा माणसांची अट काढून टाकून हा मार्ग पुढील तीन वर्षं चालू ठेवण्यात येत आहे. मी ते वाचलं आणि मला हुंदका आवरला नाही. साहेबांनी पाठीवर हात ठेवला, तो मी झटकून टाकला.

आता रोज चार माणसं येतात. कधी दोन येतात, कधी कुणीच नाही. तरी विमान दहाला सुटतं, अगदी वेळेवर. ज्या एका बाईसाठी मला ते चालू ठेवायचं होतं, तिला मी माझ्या हाताने त्यात बसवून दिलं.