सरासरी दहा मिनिटं

भांडण नेहमीचंच होतं. आई म्हणायची, पंधरा-पंधरा मिनिटं ताटकळते तेव्हा कुठे बस येते. बाबा म्हणायचे, दर दहा मिनिटांनी सुटते. आणि बाबा पडले बस डेपोत टाइमकीपर, म्हणजे बोलणंच खुंटलं. पण आज प्रकरण गळ्याशी आलं होतं. आई कामाला जायची त्या लाँड्रीच्या मुकादमाने तिला बजावलं होतं, आणखी एकदा उशीर झाला तर घरीच बसा.

"तूच रेंगाळत निघतेस आणि खापर फोडतेस माझ्या बसवर," बाबा म्हणाले. "सरासरी दहा मिनिटं. जास्त थांबायला लागेलच कसं?"

आई खाली मान घालून मटार सोलत राहिली. लेकीला ते फार लागलं.

लेकीला घरात भिंगरी म्हणत, कारण बाईसाहेबांचा पाय एका जागी ठरेल तर शपथ. तिने नुकतंच कॉलेजात संख्याशास्त्र घेतलं होतं. "सरासरी काढायला कॉलेज कशाला लागतं?" हे बाबांचं तिलाही ऐकवून झालं होतं. पण आज वर्गातून ती जवळजवळ पळतच आली होती. कधी एकदा सांगते असं झालं होतं तिला.

"बाबा, दोन बस लागोपाठ येतात ना?"

"येतात की. पुढची गर्दीत अडकते, मागची तिला गाठते. मग अठरा मिनिटं काही नाही. दोन आणि अठरा वीस, त्याचे निम्मे दहाच."

भिंगरीने टेबलावर जाड टॉवेल पसरला. त्यावर तीन चमचे आडवे ठेवले, दोन अगदी जवळ, तिसरा लांब. "या बस, मधली जागा म्हणजे मिनिटं. आई, डोळे मिटून दाणे सोड."

आईने मूठ सोडली. जवळच्या दोन चमच्यांमध्ये जेमतेम दोन दाणे पडले. बाकी सगळे त्या मोठ्या मोकळ्या जागेत.

"ही माणसं," भिंगरीला धाप लागली होती. "जिथे खंड मोठा, तिथेच जास्त माणसं सापडणार. अठरा मिनिटांच्या खंडात सापडलं की पंधरा मिनिटंही थांबावं लागतं. तुमची दहा मिनिटं बसची सरासरी आहे बाबा, थांबणाऱ्यांची नाही. तुमचंही खरं, आईचंही खरं. काय भन्नाट विषय आहे हा!"

बाबा मोठ्या जागेतल्या दाण्यांवरून बोट फिरवू लागले.

"आम्ही बसच मोजतो," ते पुटपुटले. "उद्यापासून मागची थोडी रोखून सोडायला लावतो." मग आईकडे न बघताच म्हणाले, "तू खोटं बोलत नव्हतीस."

भिंगरी आणखी काही समजवायला सरसावली. आईने तिचा हात धरला.

"थांब गं जरा," आई म्हणाली. "त्यांना बोलू दे."