दादाचा कचरा

दादा गेल्यापासून त्याचा कॉम्प्युटर धूळ खात पडला होता. गाणी करायला लिनक्स ही सिस्टीमच बरी, असं तो म्हणायचा, म्हणून मी तीच बसवायला घेतली. जुनं सगळं पुसायचं का, असं मशीनने विचारलं.

"वहिनी, यात काय आहे?"

"ह्यांचा कचरा," ती कपड्यांच्या घड्या घालत म्हणाली.

मी पुसलं. सकाळपासून माझा जीव खाणारं ते मशीन मुकाट चालू झालं. वहिनीने हेडफोन चढवले.

"लावा भाऊजी, कचरा."

"म्हणजे?"

"अर्धवट चालींना हे कचराच म्हणायचे ना. नुसती खरखर असायची त्यांत."

मी रिकामा फोल्डर उघडला. आवाज पूर्ण वाढवला.

वहिनीने डोळे मिटले. "खरखर अगदी गेली," ती म्हणाली.